स्कॅन नॉर्मल, तरी मेंदू दुखावलेला

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन नॉर्मल आला की नातेवाईक सुटकेचा निःश्वास सोडतात. ‘मग डॉक्टर, उद्यापासून कामावर जाऊ ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. अशा वेळी मला अमेरिकेचा बेसबॉलपटू माइक मथिनी आठवतो.

मथिनी कॅचर होता, म्हणजे साधारण आपला यष्टिरक्षक. फरक इतकाच, की कॅचर फलंदाजाच्या अगदी मागे उकिडवा बसतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाने आलेला चेंडू बॅटला निसटता लागला, तर थेट त्याच्या मास्कवर आदळतो. मथिनी कणखरपणासाठी प्रसिद्ध होता. १९९८ मध्ये फलंदाजी करताना चेंडू तोंडावर बसला, रक्त आले, तरी तो पडला नाही. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लोव्ह’ पुरस्कार त्याने चार वेळा मिळवला.

मे २००६ मध्ये मात्र असे अनेक चेंडू मास्कवर बसले आणि थकवा, विसराळूपणा, लक्ष न लागणे असा त्रास सुरू झाला. जरा श्रम केले की लक्षणे परत येत. अखेर फेब्रुवारी २००७ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली.

याला वैद्यकीय भाषेत ‘कन्कशन’ म्हणतात. मास्क चेहरा वाचवतो. पण धक्क्याने कवटीच्या आत मेंदू हलतो, तो मास्कला थांबवता येत नाही. मेंदूच्या पेशींचे रासायनिक संतुलन बिघडते आणि ते सावरायला त्यांना जास्त ऊर्जा लागते. रक्तस्राव किंवा हाड मोडलेले स्कॅनमध्ये दिसते, हा बिघाड दिसत नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे, असेही नाही.

म्हणून मैदानात, दुचाकीवरून पडून किंवा घरात डोके आपटल्यावर डोकेदुखी, चक्कर, गोंधळलेपणा, उजेडाचा त्रास जाणवला, तर त्या दिवशी खेळ बंद. एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू अभ्यास, काम आणि सर्वांत शेवटी खेळ. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला, तर तो जिवावर बेतू शकतो. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, फिट किंवा हातापायात अशक्तपणा आला, तर तडक रुग्णालय गाठावे.

मथिनी पुढे मुलांचा प्रशिक्षक झाला आणि २०१२ पासून सेंट लुइस कार्डिनल्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक. धावपटूने कॅचरवर मुद्दाम धडकण्याची जुनी प्रथा बंद करा, असे तो जाहीरपणे म्हणू लागला. २०१४ मध्ये या धडकांवर निर्बंध घालणारा नियम आला.

तोंडावर चेंडू झेलून उभा राहणारा हा गडी मेंदूचा इशारा मिळाल्यावर मात्र थांबला. ‘काही होत नाही, खेळ’ असे मुलाला सांगण्यापूर्वी आपणही क्षणभर थांबावे.