चित्रदोषांची कैफियत

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील केंद्रामुळे ते पुणेकरांपर्यंत पोहोचले. तेव्हापासून घरच्या पडद्यावर जे जे दोष उमटत आले, त्यांचा तपशील जपून ठेवावा असे मला मनापासून वाटते. कारण बिघाड कोठे आहे याची कबुली त्या काळी चित्र स्वतःच देत असे, आणि ती वाचण्याची विद्या सामान्य कुटुंबांतही हळूहळू रुजली होती.

पडद्यावर मुंग्या दाटल्या म्हणजे संकेत क्षीण झाला, सबब गच्चीवर जाऊन अँटेना फिरवावयाचा; प्रत्येक आकृतीच्या उजव्या अंगास तिची फिकी सावली दिसू लागली, म्हणजे तीच लहर एखाद्या उंच इमारतीवर आपटून किंचित विलंबाने येत आहे, आणि त्यास अँटेनाची जागा बदलण्याखेरीज इलाज नाही, हे शाळकरी मुलेही सांगत. चपटी वायर ३०० ओहमची आणि गोल केबल ७५ ओहमची, तेव्हा त्या परस्परांस थेट न जोडता मध्ये जुळवणीचा छोटा ट्रान्सफॉर्मर घालावा, हे मात्र जाणकारांपुरतेच राहिले.

१९८२ साली रंग आले, आणि त्याच सुमारास आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कोकणातील मंडळींच्या सामानातून व्हीसीआर घरी येऊ लागले. ज्यांना ते परवडत नसत, ते एका रात्रीपुरते यंत्र भाड्याने आणून सारी आळी जमवीत. या यंत्राची रचना विलक्षण सूक्ष्म होती. अर्धा इंच रुंदीची फीत तिरप्या बसविलेल्या दंडगोलास वेढा घालून सरकत असे, तो दंडगोल सेकंदास पंचवीस फेरे घेई, आणि त्याच्यावरील दोन हेडे फितीवरचे तिरकस पट्टे आळीपाळीने वाचीत. ध्वनी मात्र फितीच्या कडेने नोंदलेला असून त्याचे हेड स्थिर व स्वतंत्र असे. म्हणूनच संवाद स्वच्छ ऐकू येत असताना पडदा मुंग्यांनी भरून गेला, तर कॅसेटीस दोष न देता चित्राचे हेड मळले आहे असा निर्णय बेलाशक करता येई. आणि चित्र शाबूत असून त्यात मुंग्यांचा केवळ एक आडवा पट्टा दिसत असेल, तर हेड फितीवरील तिरकस पट्ट्याच्या मध्यावरून जात नाही असे समजून ट्रॅकिंगचे बटण सावकाश फिरवावे लागे. अमेरिकेतील भाच्याने पाठविलेली बारशाची कॅसेट येथे लावली असता चित्र धावे आणि रंग नाहीसे होत, यात त्या फितीचा काही अपराध नसे. तिकडील पद्धत ५२५ रेषांची, येथील ६२५ रेषांची, आणि रंग नोंदण्याची रीतही निराळी.

पुढे डीव्हीडी आली आणि टीव्हीच्या पाठीमागे पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांचा संसार मांडला गेला. पिवळी पिन चुकून हिरव्या छिद्रात गेली की चित्र येई, परंतु कृष्णधवल. या खुणेनेही चूक तत्काळ सापडे. एचडीएमआयने चित्र व ध्वनी एकाच तारेत आणून मोठीच सोय केली, हे निर्विवाद आहे. तथापि तार सदोष असेल तर क्वचित पांढरे ठिपके चमकतात आणि एरवी पडदा काळाच राहतो. तार सैल आहे, इनपुट चुकीचा निवडला आहे, की दोन यंत्रांत नक्कल-प्रतिबंधाची परस्पर ओळख पटलेली नाही, यांचा भेद त्या काळोखातून होत नाही. सारे बंद करून, एकेक जोडणी पुन्हा करूनच तपास चालवावा लागतो. चित्राची सुस्पष्टता अपार वाढली, पण दोषाचे निदान पाहणाऱ्याच्या हातून गेले, ही हानी मला लहान वाटत नाही.

जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआरचे उत्पादन थांबविले, आणि आपल्या कपाटांतील लग्नमुंजींच्या कॅसेटी मात्र अद्याप तशाच पडून आहेत. कोकणच्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशी चढते. कॅसेटीच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळीवर पांढरे डाग दिसत असतील, तर ती यंत्रात घालूच नये, कारण ती बुरशी हेड तुंबविते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीस लागते. अशी फीत आधी जाणत्या माणसाकडून पुसून घ्यावी, नंतर ट्रॅकिंग हाताने जुळवावे, आणि मगच पिवळ्या पिनेच्या मार्गाने ती संगणकावर उतरवून घ्यावी. हे काम येत्या पावसाळ्यापूर्वीच उरकावे.