साइटवरचा एक आकडा बदलायचाय? आधी बघा, मग हात लावा!



समजा, नवेगाव बांधला तुमचा होमस्टे आहे. तलाव आणि जंगल बघायला येणारे पर्यटक तुमच्या वेबसाइटवरून खोली बुक करतात. भाडं २००० रुपये. तुमची जीएसटी नोंदणी आहे. साइट बनवून देणारा पोरगा पुण्याला नोकरीला गेला, आणि साइट अजून १२ टक्केच कर लावतेय.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे (खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मात्र मिळत नाही). म्हणजे २४० ऐवजी १०० रुपये. प्रत्येक बुकिंगमागे पाहुण्याकडून १४० रुपये जास्त जातायत!

आधी साइटच्या अ‍ॅडमिन पानावर कराची सेटिंग आहे का बघा. असेल तर तिथेच बदला. नसेल, तर हा आकडा बहुतेक सेटिंगच्या फाइलमध्ये असतो. तिथे ओळीत डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह आणि उजवीकडे किंमत लिहिलेली असते. यालाच म्हणतात कॉन्फिगरेशन व्हेरिएबल. नाव मोठं, काम सोपं.

१. कॉपी काढा. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नावात तारीख टाका.

२. नोटपॅडमध्ये उघडा, वर्डमध्ये नाही. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. आपल्याला फरक दिसत नाही, पण साइट बंद पडू शकते.

३. शोधा. कंट्रोल आणि एफ दाबून ‘टॅक्स’ किंवा ‘जीएसटी’ इंग्रजीत टाइप करा. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असेल, तर ती बहुतेक नुसती टीप असते. तिला बदलून काही होत नाही.

४. जुना आकडा कसा लिहिलाय ते बघा. खरी चूक इथेच होते. तिथे १२ असेल तर ५ लिहा. पण ०.१२ असेल तर ०.०५ लिहायचं. तिथे नुसते ५ लिहिले, तर २००० च्या खोलीवर १०,००० रुपये कर लागेल! पाहुणा फोनसुद्धा करणार नाही, सरळ दुसरीकडे जाईल.

५. फक्त उजवी बाजू बदला. डावीकडचं नाव, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम जसेच्या तसे ठेवा. एका वेळी एकच बदल. सेव्ह करताना फाइलचं नाव बदलू देऊ नका.

६. स्वतः एक बुकिंग करून बघा. पैसे भरायच्या पानापर्यंत जा. २१०० दिसले? झालं काम. जुनाच आकडा दिसला तर साइट रीस्टार्ट करावी लागेल. साइटच उघडली नाही, तर जुनी कॉपी परत टाका.

आणि हो, याच फाइलमध्ये पासवर्डही असतात. तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका.

धंदा तुमचा आहे, तर त्याचे आकडे कुठे ठेवलेत हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. आज फाइल नुसती उघडून वाचा. बदल उद्या करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!