स्थिरीकरण तळी

स्थिरीकरण तळी : गावातील किंवा शहरातील वाहितमल (सांडपाणी) उथळ व विस्तृत तळ्यांत काही दिवस ते काही आठवडे राहू देऊन सूक्ष्मजंतू, शैवले व सूर्यप्रकाश यांच्या नैसर्गिक क्रियांनी ते निर्धोक करण्याची पद्धती. या तळ्यांना ऑक्सिडीकरण तळी असेही म्हणतात. परंतु त्यांच्या सर्वच थरांत ऑक्सिडीकरण होत नसल्याने ते नाव काटेकोर नाही. यंत्रे व वीज जवळजवळ लागत नसल्यामुळे उष्ण प्रदेशातील लहान नगरांना ही पद्धती सोयीची ठरते. मात्र तिची खरी महती स्वस्ताईत नसून आरोग्यरक्षणात आहे.

अमेरिकेतील सॅन अँटोनिओ (टेक्सस) येथे १९०१ पासून मिचेल तलावात वाहितमल सोडण्यात येई. पण शुद्धीकरणासाठी मुद्दाम अभिकल्प केलेले तळे नॉर्थ डकोटा राज्यातील मॅडॉक येथे १९४८ मध्ये झाले. कॅलिफोर्नियात ऑस्वल्ड व गोटास यांनी १९५७ मध्ये या क्रियेतील शैवलांच्या कार्याची सुसंगत मांडणी केली.

क्रिया : तळ्यात आलेल्या सेंद्रिय द्रव्यावर सूक्ष्मजंतू जगतात व कार्बन डाय-ऑक्साइड, अमोनिया व फॉस्फेटे मुक्त करतात. हीच द्रव्ये शैवलांचे अन्न होत. क्लोरेला, सीनडेस्मस, यूग्लीना इ. शैवले प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन निर्माण करतात व तो सूक्ष्मजंतूंना मिळतो. रात्री ऑक्सिजनाची निर्मिती थांबते, वापर मात्र चालूच राहतो. म्हणून पहाटे पाण्यातील ऑक्सिजन अत्यल्प असतो, तर दुपारी पाणी ऑक्सिजनाने अतिसंतृप्त होते. तळ्याचा मधला थर त्यामुळे कधी ऑक्सी, तर कधी विनॉक्सी असतो. तळाशी बसलेला गाळ विनॉक्सी अवस्थेतच कुजतो व त्यातून मिथेनाचे बुडबुडे वर येतात. हिरवेगार दिसणारे तळे निरोगी समजावे. पाणी करडे वा काळे पडून दुर्गंधी सुटू लागली, तर त्यावर प्रमाणाबाहेर भार पडत आहे हे ओळखावे.

तळी सामान्यतः एकापुढे एक अशी बांधतात. पहिले विनॉक्सी तळे २ ते ५ मी. खोल असते. त्यानंतर वर वर्णिलेले उभयविध तळे येते. त्याची खोली १ ते १·५ मी. ठेवतात. अखेरच्या पक्वन तळ्यांचे काम रोगकारक जंतू नष्ट करणे हे होय. शैवलांनी कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतल्याने दुपारी पीएच मूल्य ९ च्या वर जाते. ते, प्रखर ऊन व विपुल ऑक्सिजन यांच्या संयुक्त प्रभावाने आतड्यातील सूक्ष्मजंतू मरतात.

अभिकल्प : भारतीय परिस्थितीस अनुरूप अभिकल्पाचे श्रेय मुख्यतः नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेस (१९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरणीय अभियांत्रिकी संशोधन संस्था, नीरी) द्यावे लागेल. सोली आर्सीवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये तळ्यावरील भार अक्षांशाशी जोडून दाखविला. दर हेक्टरी दररोज किती किग्रॅ. जैव रासायनिक ऑक्सिजन मागणी सोसवेल, हे ३७५ मधून अक्षांशाची ६·२५ पट वजा केली असता मिळते. हे सूत्र उ. अक्षांश ८° ते ३६° यांच्या दरम्यान लागू आहे. २०° अक्षांशावर ही मर्यादा २५० किग्रॅ. येते, ८° वर ३२५, तर ३६° वर केवळ १५०. माणशी दररोज ४५ ग्रॅ. मागणी धरल्यास महाराष्ट्रातील १०,००० वस्तीच्या गावास उभयविध तळ्यासाठी १·८ हेक्टर जागा लागेल. माणशी १०० लि. सांडपाणी व १·२५ मी. खोली धरली, तर पाणी त्यात सु. २२ दिवस राहील. परदेशी ग्रंथांतील आकडे तसेच्या तसे उचलण्यापेक्षा हे साधे गणित अधिक उपयोगी आहे.

आरोग्याशी संबंध : हा दीर्घ मुक्काम म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. सक्रियित गाळ पद्धतीत पाणी वायुमिश्रण टाकीत काही तासच थांबते; सेंद्रिय भार उत्तम प्रकारे कमी होतो, परंतु जंतूंचा नाश त्या मानाने अपुरा असतो आणि जंतांची (ॲस्कॅरिस) बहुतेक अंडी गाळात जिवंत राहतात. भारतात अशा पाण्यावर भाजीपाला व चारा काढण्याचा प्रघात जुना आहे. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात व रक्तक्षय घडवितात. नागपूरच्या संस्थेने १९७० च्या सुमारास केलेल्या पाहण्यांत वाहितमल-शेतीवरील मजुरांत अंकुशकृमी व जंत यांचा प्रादुर्भाव अन्य शेतमजुरांपेक्षा अधिक आढळला. जमिनीला खत मिळते ते असे मजुराच्या रक्ताच्या मोबदल्यात. एकापुढे एक अशा तळ्यांत ८ ते १० दिवसांत ही अंडी तळाशी बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सिंचनाच्या पाण्यासाठी लिटरमागे सरासरी एकाहून अधिक कृमी-अंडे नसावे, तसेच कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलि.मध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू १,००० हून अधिक नसावेत, ही मर्यादा सुचविली. ती गाठण्याचा मार्ग म्हणून तळ्यांचाच प्रामुख्याने निर्देश केला. २००६ च्या सूचनांत मात्र केवळ पाण्याच्या कसोटीऐवजी रोगभार कमी करण्याच्या सर्व उपायांचा एकत्रित विचार आहे.

दोष : जागेची गरज हा मुख्य अडसर होय. शहरांलगतची जमीन महाग झाल्याने मोठ्या नगरांत यांत्रिक संयंत्रांकडे कल वळला, हे समजण्यासारखे आहे. परंतु मोकळी गायराने असलेल्या छोट्या गावांतही तीच संयंत्रे उभारली जातात आणि वीज वा देखभालीअभावी बंद पडतात, याचे समर्थन करणे कठीण आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्यात शैवले असल्याने निलंबित पदार्थांचे प्रमाण वाढलेले दिसते. नदीत सोडताना तो दोष, शेतात मात्र लाभच. काठावर गवत वाढू दिल्यास क्युलेक्स डासांची पैदास होते. त्यासाठी काठ दगडांनी बांधून घेतात व तण काढीत राहतात. पाणी आत येण्याची व बाहेर जाण्याची तोंडे समोरासमोर ठेवल्यास ते आडवाटेने लवकर निघून जाते व हिशेबातील दिवस कागदावरच राहतात. काही वर्षांनी तळ उपसावा लागतो. त्या गाळात कृमींची अंडी दीर्घकाळ जिवंत असू शकतात, म्हणून तो शेतात घालण्यापूर्वी वर्षभर तरी साठवून वाळू देतात आणि उपसणाऱ्या कामगारांना पायमोजे व हातमोजे देतात.