कौलावरचा अँटेना निवडताना

कोकणातल्या खोलगट वाडीत फोनवर जेमतेम एक कांडी दिसते, तेव्हा बाहेरचा अँटेना खरोखर उपयोगी पडतो. पण खरेदीआधी राउटरच्या सेटिंगमध्ये आरएसआरपी हा आकडा पाहा. उणे 80 डीबीएम म्हणजे उत्तम, उणे 110 च्या खाली गेला तर रेंज फारच क्षीण. आकडा चांगला असूनही संध्याकाळी वेग मंदावत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. तिथे अँटेना फारसे काही करू शकत नाही.

मग बँड पाहा. आपल्याकडे 4जी साधारण 850 ते 2300 मेगाहर्ट्झमध्ये चालते, 5जी बहुतांशी 3300 च्या पुढे. फक्त 4जीसाठीचा अँटेना तिथे निरुपयोगी. टॉवरची दिशा नक्की असेल तर लॉग-पिरिऑडिकसारखा एकाच दिशेला रोखलेला अँटेना घ्यावा, आणि तोही दोन जोडण्यांचा, कारण 4जी राउटर एकाच वेळी दोन वाटांनी डेटा घेतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट केबल. दर 3 डेसिबलला सिग्नल निम्मा होतो, आणि स्वस्त, बारीक केबल दहा मीटरमध्ये अँटेनाची बरीचशी कमाई गिळते. माझ्या मते पैसे इथेच घालावेत: जाड केबल, तीही शक्य तितकी आखूड. त्याहून चांगले म्हणजे राउटरच माळ्यावर नेऊन खाली साधी लॅन केबल सोडावी. राउटरला अँटेनाची सॉकेट आहेत ना, हे आधीच तपासा. बाजारातले सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. परवानगीशिवाय ते बेकायदा आहेत आणि शेजाऱ्यांचे नेटवर्कही बिघडवतात.