उणे 40 ला दिसणारा आकडा

मारतहळ्ळीच्या आमच्या घरात कुठलाही डिस्प्ले छान चालतो. बंगळूरची हवाच सौम्य. सियाचीनला थंडी उणे 40 च्याही खाली जाते, तिथे थर्मामीटरमधला पारासुद्धा गोठतो! एलसीडीतला द्रव दाट होतो, आकडे रेंगाळत बदलतात. हीटर लावावा, तर थंडीने आधीच अशक्त झालेली बॅटरी लवकर संपते. ई-पेपर स्थिर चित्राला वीज घेत नाही, पण साधा ई-पेपर 0 अंशाखाली अडखळतो. ओएलईडी थंडीतही चपळ. मात्र पेटलेल्या प्रत्येक ठिपक्याला वीज लागते आणि बर्फावरच्या उन्हात तो फिका दिसतो.

जवानाला नुसता तापमानाचा किंवा दाबाचा आकडा वाचायचा असेल, तर मी मागे दिवा नसलेली, अतिथंडीसाठी बनवलेली एलसीडी निवडीन. माहितीपत्रकात साठवणुकीचे नव्हे, चालण्याचे तापमान पाहावे. रात्री टॉर्च आहेच.