पुरेसे साठल्यानंतरची काटकसर

काटकसर हा मराठी मध्यमवर्गाने अभिमानाने जपलेला गुण आहे, आणि तुटपुंज्या पगारात मुलांची शिक्षणे, बहिणींची लग्ने आणि स्वतःचे घर ही सारी कर्तव्ये ज्या पिढीने पार पाडली, तिला या गुणाची थोरवी सांगण्याची गरज नाही. प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर, म्हणजे घराचे हप्ते फिटलेले, मुले मार्गी लागलेली, निवृत्तिवेतन दरमहा नियमाने जमा होणारे आणि गाठीला पुरेशा ठेवी, अशा अवस्थेत. या अवस्थेतही अनेकांचा हात मोकळा होत नाही. ऐकू कमी येत असूनही श्रवणयंत्राची खरेदी वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते, भेट मिळालेल्या साड्या आणि टॉवेल कपाटात घडीवर विरतात, आणि झिजलेल्या रबरामुळे वाफ धरेनासा झालेला कुकर ‘अजून चालतोय’ म्हणून वापरात राहतो. अशा वेळी काटकसर गरजेतून येत नाही, ती सवयीतून आणि भीतीतून येते.

या भीतीला इतिहास आहे. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीने १९७२ चा दुष्काळ, रेशनवरचा मिलो आणि सुकडी अनुभवली किंवा जवळून पाहिली; पुढेही कित्येक वर्षे टेलिफोन आणि गॅसजोडणीसाठी प्रतीक्षायादीत थांबावे लागे आणि आजारपणासाठी विम्याचा आधार फारच थोड्यांना होता. अशा काळात वाचवलेली प्रत्येक पै ही अडीनडीची तरतूद होती, त्यामुळे पैसा राखणे म्हणजे शहाणपण आणि खर्चणे म्हणजे बेफिकिरी, हे समीकरण मनात पक्के झाले. पुढे परिस्थिती पालटली, उत्पन्न वाढले, पण ते समीकरण मात्र तसेच राहिले.

मानसशास्त्राने याची आणखी एक बाजू दाखवली आहे. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काटकसरी आणि हात आखडणारा या दोन स्वभावांत भेद केला: काटकसरी माणसाला बचत करण्यात समाधान मिळते, तर हात आखडणाऱ्याला पैसे देण्याच्या क्षणी वेदना होते आणि ती टाळण्यासाठी तो स्वतःला हवी असलेली वस्तूही घेत नाही. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख माणसाला अधिक तीव्रतेने जाणवते, आणि ठेव मोडणे ही अशीच हानी वाटत असल्याने तिच्या बदल्यात मिळणारे सुख मनाच्या तराजूत हलके ठरते. स्वतःवर आणि इतरांवर खर्च करताना अतोनात हात आखडणे आणि पैसा केवळ भावी संकटासाठी साठवण्याची वस्तू मानणे, हे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर या व्यक्तिमत्त्व-विकाराच्या लक्षणांपैकी एक आहे. एवढ्या एका लक्षणावरून कोणाला रुग्ण ठरवता येत नाही. तरीही या स्वभावामुळे घरातील नाती तुटू लागली असतील, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

अशा काटकसरीची किंमतही मोजावी लागते. श्रवणदोषावर वेळीच उपाय झाला नाही, तर माणूस गप्पांतून आणि समारंभांतून हळूहळू बाजूला पडतो; मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबली, तर अंधूक दिसण्यामुळे पडण्याचा धोका वाढतो, आणि न्हाणीघरात आधाराची दांडी बसवण्याचा किरकोळ खर्च टाळणाऱ्याला खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचे मोठे बिल भरावे लागू शकते. शिवाय पडून राहिलेला पैसा जागच्या जागी राहत नाही: महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर साधारण १२ वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात, म्हणजेच तिजोरीतल्या रोख रकमेची खरेदीशक्ती निम्म्यावर येते. ठेवींचा पत्ता घरच्यांनाही लागू न देण्याच्या सवयीचा शेवट कधीकधी आणखी वाईट होतो. दहा वर्षे दावा न झालेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका स्वतंत्र निधीत वर्ग होतात आणि मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम होती. त्यामागे कारणे अनेक असली, तरी कुटुंबापासून लपवलेला पैसा त्याच वाटेने जाऊ शकतो.

या स्वभावावरचा पहिला उपाय हिशेब हाच आहे, कारण आकडे लिहून काढल्याखेरीज ‘पुरेसे’ म्हणजे किती हे ठरत नाही आणि ठरलेले नसले की भीतीला अंत राहत नाही. समजा, एका जोडप्याला दरमहा ५०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते, घरखर्च ३०,००० रुपयांत भागतो आणि बँकेत ४० लाखांच्या ठेवी आहेत. निवृत्तिवेतनातूनच वर्षाला २,४०,००० रुपये उरतात आणि ७ टक्के दराने व्याजाचे २,८०,००० रुपये येतात. व्याजातील निम्मी रक्कम महागाईसाठी मुद्दलात मिळवली आणि १५ लाखांची ठेव केवळ आजारपणासाठी राखून ठेवली, तरी वर्षाला करपूर्व ३,८०,००० रुपये मोकळे राहतात. हा आकडा कागदावर स्पष्ट दिसला की खर्चाची परवानगी देण्याचे काम मनाच्या लहरीवर सोपवावे लागत नाही.

दुसरा उपाय म्हणजे खर्चाचेही अंदाजपत्रक करणे. रिचर्ड थेलर या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञाने दाखवून दिले आहे की माणसे मनात पैशांचे वेगवेगळे कप्पे करतात आणि त्या त्या कप्प्यातला पैसा त्या त्या कामासाठीच वापरतात. याच सवयीचा उपयोग करून आरोग्य, घरातील सोयी, प्रवास आणि दान यांसाठी वेगळे खाते उघडावे, त्यात दरमहा ठरावीक रक्कम आपोआप जमा होऊ द्यावी आणि वर्षअखेर ती संपलीच पाहिजे, असा नियम करावा. सुरुवात डोळे, कान, दात आणि घरातील सुरक्षितता यांपासून केली की अपराधी वाटत नाही, आणि प्रवासाचे पैसे आगाऊ भरून टाकले की वाटेत प्रत्येक चहाला हिशेब मांडण्याची पाळी येत नाही.

तिसरी गोष्ट कुटुंबाची. जोडीदाराने आयुष्यभर मनाला मुरड घातलेली असते, म्हणून या खर्चाचा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. मुलांनीही आईवडिलांच्या काटकसरीची टिंगल करू नये, कारण स्वतःचे शिक्षण त्याच काटकसरीतून झाले आहे याची त्यांना जाणीव असायला हवी. ठेवींची यादी आणि नामनिर्देशन पूर्ण करून ती विश्वासातील व्यक्तीला दाखवून ठेवावी.

भर्तृहरीच्या नीतिशतकात धनाच्या दान, भोग आणि नाश अशा तीनच गती सांगितल्या आहेत, आणि पहिल्या दोन नाकारणाऱ्याच्या वाट्याला तिसरी येते हे त्यातील सार आजही खरे आहे. ज्यांची भविष्याची तरतूद झाली आहे, त्यांनी याच महिन्यात कागद घेऊन आपला हिशेब मांडावा आणि पुढे ढकललेला एक तरी आवश्यक खर्च निर्धास्तपणे करावा. कष्टाने जोडलेल्या पैशाचा तो योग्यच उपयोग आहे.