मायक्रोवेव्हमधील दिवा लागेनासा झाल्यास

पदार्थ तापविणाऱ्या २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी नेत्रांस अगोचर असून आतील दिव्याचा त्यांच्याशी तिळमात्र संबंध नसल्यामुळे, यंत्राच्या पोटात अंधार पसरला तरी अन्न पूर्ववत शिजू शकते. म्हणून प्रथम पेलाभर पाणी आत ठेवून ते तापते काय आणि तबकडी फिरते काय, याची शहानिशा करावी. दोन्ही क्रिया यथास्थित चालत असतील, तर कसूर बहुधा जळालेल्या दिव्याची असते. शिजवताना दिवा लागतो, पण दार उघडताच मालवतो, असे घडत असल्यास आधी माहितीपुस्तिका पाहावी, कारण काही यंत्रांची रचनाच तशी असते. एरवी संशय दाराच्या स्विचवर किंवा नियंत्रक फलकावरील रिलेवर घ्यावा.

दिवा लहानशा झाकणाआड असेल, तर प्लग काढून, काच निवल्यावर, त्याच व्होल्ट-वॅटचा नवा दिवा स्वतः बसविण्यास हरकत नाही. परंतु पुष्कळ यंत्रांत त्यासाठी बाह्य आवरणच उतरवावे लागते, आणि तेथे गृहस्थाने हात आवरावा, असे मी आग्रहपूर्वक सांगेन. कारण प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टांच्या घरातील प्राणघातक विद्युत्भार शिल्लक राहू शकतो, आणि त्याचा सुरक्षित निचरा करणे हे प्रशिक्षित कारागिराचेच काम आहे. दिव्यासमोरील सच्छिद्र धातूची जाळी लहरींना बाहेर पडू देत नाही. तिला धक्का लावू नये. कारागीर येईतो, दार नीट बसत असल्यास, यंत्राचा वापर चालू ठेवण्यास प्रत्यवाय नाही.